काय धरायचे, काय सोडायचे : मुलांसह दाजीपूर ते देवबाग

मुलांना शिकार आणि मासेमारी यांची ओळख करून द्यायची असे आम्ही ठरवले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न कायद्याचा होता आणि दुसरा पापपुण्याचा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला आपल्याकडे वावच उरला नाही. मासेमारीचे तसे नाही, मात्र तिलाही जागेचे, हंगामाचे आणि आकाराचे नियम आहेत. दुसऱ्या प्रश्नावर मी एवढेच म्हणाले की आपल्या घरी आठवड्यातून दोनदा मासे शिजतात आणि पुण्याच्या मंडईतून साफ करून आणलेल्या तुकड्यांपलीकडे मुलांनी मासा पाहिलेला नाही. जे खातो ते कसे मारले जाते, हे त्यांना ठाऊक असायला हवे. थोरली सातवीत आणि धाकटा तिसरीत. डिसेंबरच्या अखेरची सुट्टी, स्वतःची गाडी आणि वाट कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, मालवण अशी ठरली. शिकारीचा इतिहास, शिकाऱ्याची नजर आणि मग प्रत्यक्ष गळ, असा क्रम मनात होता.

पहिला दिवस : कोल्हापूर

पहाटे निघून कोल्हापुरात मिसळीला पोचलो आणि तिथून थेट नव्या राजवाड्यात गेलो. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या या वास्तूतील शाहू संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ-बिबटे, भिंतीवरची शिंगे आणि बंदुका अशी दालनेच्या दालने आहेत. कोल्हापूर संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवली जात असे आणि त्यासाठी चित्तेवान पदरी असत, हे मुलांना तिथे प्रथम कळले. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले, हे मी सांगितल्यावर धाकट्याने विचारले, "मग काळवीट जिंकली का?" काळविटेही फारशी उरली नाहीत, असे सांगावे लागले. थोरली बराच वेळ एका वाघाच्या काचेच्या डोळ्यांसमोर उभी होती आणि शेवटी म्हणाली की हा रागावलेला दाखवला आहे, पण मेला तेव्हा तो रागावलेला असेलच असे नाही. संग्रहालये दाखवावीत ती यासाठी. पराक्रमाचे पाठ तिथून घेऊ नयेत.

संग्रहालयाबाहेर एका टपरीवर रबराच्या बेचक्या टांगलेल्या होत्या. मुलांचा हट्ट झाला, तेव्हा एक घेऊन दिली; अट एवढीच की नेम धरायचा तो रिकाम्या डब्यावर, पाखरावर कधीही नाही. ही अट घालण्यापूर्वी मनाशी पक्के करावे की ती मोडली तर बेचकी त्याच क्षणी काढून घेणार; अन्यथा अट घालू नये. मुक्कामाला राधानगरीत पोचलो तेव्हा थंडी चांगलीच पडली होती आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाची दुसरी वाटी कोणीच नाकारली नाही.

दुसरा दिवस : दाजीपूरच्या जंगलात माग काढताना

दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूरकर छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले, पुढे राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचा विस्तार झाला आणि आज ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. ज्या रानात पूर्वी हाकारे घातले जात, तिथे आता स्थानिक वाटाड्याबरोबर जीपने जाता येते. आमचा वाटाड्या जवळच्याच वाडीतला तरुण होता. त्याला आम्ही आधीच सांगितले होते की गवा दिसला नाही तरी चालेल; मुलांना माग काढायला शिकव.

त्याने जे दाखवले ते मीही प्रथमच नीट पाहिले. पाणवठ्याच्या ओल्या मातीत गव्याचा खूर थोराड बैलासारखा दोन अर्धुकांत उमटलेला होता. त्याच्या शेजारीच रानडुकराचा माग होता आणि त्यात मुख्य खुरांच्या मागे, दोन्ही बाजूंना, लहान खुरांचे दोन ठिपके वेगळे दिसत होते. बिबट्याचा पंजा आणि कुत्र्याचा पंजा यांतला फरक त्याने काडीने मातीत काढून दाखवला: कुत्र्याच्या पंजापुढे नखांच्या टोकांच्या खुणा उमटतात, बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्या उमटत नाहीत. माग ताजा की शिळा हे त्याच्या कडांवरून ओळखायचे; कड धारदार असेल तर जनावर नुकतेच गेले, कड ढासळून आत माती पडली असेल तर वेळ लोटला. एका झाडाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते. धाकट्याचा हात जेमतेम खालच्या ओरखड्यापर्यंत पोचला, तेव्हा तो आपण होऊन दोन पावले मागे सरकला.

मग वाटाड्याने मूठभर कोरडी माती उचलली आणि हळूहळू सोडली. माती ज्या दिशेला झुकली, त्याच्या उलट बाजूने चालायचे, म्हणजे आपला वास जनावराकडे जात नाही. हे सारे शिकाऱ्यांचेच ज्ञान आहे आणि ते बंदुकीवाचून पुरेपूर वापरता येते. लहानपणी त्याने स्वतः गलोलीने होले मारले होते, हे त्याने न लपवता सांगितले. आता त्याच नजरेवर त्याचे घर चालते. सावराई सड्याकडे जाताना गवताच्या कडेला गव्यांचा कळप दिसलाच, पण जीप थांबताच दोन माद्या वासरांना घेऊन झाडीत शिरल्या. मोठा नर मात्र आमच्याकडे रोखून पाहत उभा राहिला. त्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे होते.

इथे येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. आणि मुलांना मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. आमच्या पुढच्या जीपमधील मंडळी भडक पिवळ्या टोप्या घालून, मोठ्याने गाणी लावून गव्यांची वाट पाहत होती.

फोंडा घाट उतरताच हवा बदलली. स्वेटर निघाले आणि कणकवलीनंतर माडांच्या सावल्या सुरू झाल्या. देवबागला पोचेपर्यंत अंधार पडला होता.

तिसरा दिवस : कर्लीच्या खाडीत गरवायला

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो ते आबा सत्तरीचे, जन्मभर मासेमारी केलेले. आता मुलगा होडी चालवतो आणि आबा पाहुण्यांच्या मुलांना गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, शिकवतात. सकाळीच धाकटा काठी मागू लागला, तेव्हा आबांनी त्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी नेले. "आज तिथ खयची?" तिथी दशमी होती. दहाचे पाऊणपट साडेसात; म्हणजे साडेसातच्या सुमारास भरती पुरी आणि तिथून सहा तासांनी ओहोटी पुरी, हा कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशोब. मालवणला तो आणखी थोडा अलीकडे ओढावा लागतो, असे आबांचे म्हणणे. दुपारी पाणी पुन्हा चढू लागले की मासा खाण्यासाठी आत येतो, तेव्हाच काठी हातात मिळेल. थोरलीने पावकी-पाऊणकीचा हा उपयोग पाहून वहीत पुढच्या आठवड्याच्या भरत्या मांडल्या.

दुपारचे जेवण आटोपून तीनच्या सुमारास धक्क्यावर गेलो. मुलांसाठी आबांनी रीळ नसलेल्या साध्या बांबूच्या काठ्या ठेवल्या होत्या: टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याला शिशाचा लहान मणी आणि खाली गरी, म्हणजे गळाचा आकडा. गरी देण्यापूर्वी त्यांनी पक्कड घेतली आणि गरीच्या टोकामागचे उलटे काटेरी दात दाबून सपाट केले. त्यामुळे काही मासे निसटतात, पण जो सोडायचा तो मासा फारसा न फाटता सोडता येतो आणि चुकून पोराच्या बोटात गरी घुसली तरी ती सरळ बाहेर निघते. मुलांना प्रथमच गरवायला नेणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी करावे. त्याबरोबर डोळ्यांवर चष्मा, अंगात जीवरक्षक जाकीट आणि काठी फिरवण्यापूर्वी मागे वळून पाहण्याची सवय. धक्क्यावर शेजारी माणसे असतात आणि गरी कोणाचाही कान पकडू शकते.

आमिष म्हणून बारीक सुंगटां, म्हणजे कोळंबी. ती गरीवर ओवताना शेपटीकडून घालायची आणि टोक किंचित बाहेर ठेवायचे. धाकट्याने पहिली कोळंबी ओवताना तोंड वेडेवाकडे केले, दुसरी सहज ओवली. मग वाट पाहणे सुरू झाले. खाडीपलीकडे भोगव्याच्या डोंगरावर उन्हे पिवळी होत होती, खारे वारे सुटले होते आणि धाकटा दर मिनिटाला काठी वर काढून पाहत होता. आबा रागावले नाहीत. "वायच थांब. माशाक वास येवक होयो," एवढेच म्हणाले.

पहिला मासा थोरलीला लागला. काठीचे टोक दोनदा थरथरले आणि तिने ती झटकन वर ओढली, तेव्हा आबा ओरडले, "गे चेडवा, झटको मारू नको!" पण मासा आला, बोटाएवढा गोबरा, अंगावर तपकिरी ठिपके. आबांनी तिला आधी हात पाण्यात बुडवायला लावले. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग रोग होऊन मरतो. ओल्या हाताने तिने तो धरला, आबांनी गरी काढली. "बारीक आसा, सोड तेका. वाढलो काय परत येतलो." पहिलाच मासा सोडून द्यायचा म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले, तरी तिने वाकून तो पाण्यात धरला आणि त्याने शेपूट हलवल्यावर बोटे उघडली. मला वाटते, या सहलीतला खरा धडा तो होता आणि आबांनी तो सगळ्यांत आधी शिकवला हे योग्यच झाले. आधी धरायला शिकलेले मूल नंतर सोडायला शिकेलच, याची मला खात्री वाटत नाही.

त्यानंतर धाकट्याच्या काठीला शेंगाळा लागला. हा मासा पाण्याबाहेर काढल्यावर घुरघुरल्यासारखा आवाज करतो, त्यामुळे धाकट्याने काठीच टाकून दिली. शेंगाळ्याला मुलांनी हात लावू नये. पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांशी ताठ, करवती काटे असतात आणि ते टोचले तर तासन्‌तास ठणका लागतो. टोचलेच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. आबांनी फडक्यात धरून त्याची गरी काढली. उन्हे कलता कलता थोरलीच्या गरीला चांगली दीड वितीची तांबोशी लागली आणि या वेळी तिने काठी न झटकता माशाला दमू दिले.

ही तांबोशी ठेवायची होती. आबांनी विचारले, कोण मारणार? थोरलीने मान हलवली, पण ती तिथून गेली नाही. आबांनी लाकडी दांड्याचा एकच टोला माशाच्या डोळ्यांमागे, डोक्यावर दिला. मासा एकदा ताठ झाला आणि निश्चल पडला. टोपलीत तडफडत ठेवलेल्या माशाला मरायला बराच वेळ लागतो आणि त्याचे मांसही बिघडते, म्हणून हे लगेच करायचे, असे त्यांनी समजावले. धाकट्याने त्या रात्री तांबोशी खाल्ली नाही, सोलकढी आणि भात खाल्ला. कोणी त्याला आग्रह केला नाही. थोरलीने मात्र तिखलातला तुकडा घेतला आणि तिरफळे बाजूला काढत शांतपणे जेवली.

चौथा दिवस : रापण आणि कुर्ल्या

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला पोरांना न्यायचे असेल तर त्यांना उजाडण्यापूर्वी उठवावे लागते. मतलई वारे अजून जमिनीवरून समुद्राकडे वाहत होते आणि वाळू पायांना गार लागत होती. एक होडी जाळे टाकत अर्धगोलात फिरून पुन्हा किनाऱ्याला लागली; आता जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर होते आणि दोन तुकड्या ते ओढत, हळूहळू एकमेकींकडे सरकत होत्या. वीस-पंचवीस माणसे, त्यांत साठीच्या बायकाही. मुलांना दोराच्या शेवटी जागा मिळाली. हाताने ओढायचे नसते. दोर कमरेला टेकवून अंगाचा भार मागे टाकायचा आणि उलट पावली चालायचे, हे शेजारच्या काकूने दाखवले. तासाभराने जाळ्याची मधली पिशवी उथळ पाण्यात आली आणि पाणी उकळल्यासारखे दिसू लागले.

बांगडे होते, पेडवे होते, थोड्या मुडदुश्या, एक लहान वागळी आणि बरेच झार, म्हणजे जेलीफिश. त्यांना हात लावू नका असे सगळेच ओरडत होते. धाकट्याला सापडला केंड. कोणीतरी त्याच्या पोटाला काडीने डिवचले तसा तो फुगून चेंडू झाला आणि दात दाखवत वाळूवर पडून राहिला. हा मासा विषारी आहे, तो कोणी खात नाही, पण म्हणून त्याला वाळूत मरू द्यायचे का, असा धाकट्याचा प्रश्न होता. एका रापणकराने केंड शेपटीला धरून समुद्रात फेकला आणि मग तासभर धाकट्याचे काम तेच झाले: कोणाच्या उपयोगाचे नाहीत ते जिवंत मासे ओल्या हाताने उचलायचे आणि पाण्यात सोडायचे. आदल्या दिवशीचा रुसवा तिथे गेला.

रापणीत कधी कासवही येते. ते पूर्ण संरक्षित असल्यामुळे सोडावेच लागते आणि त्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८पासून आहे. मासळीचे वाटे पडताना जाळ्याचा, होडीचा आणि प्रत्येक ओढणाऱ्याचा हिस्सा निघतो. आमच्या मुलांनाही रीतीप्रमाणे कालवणापुरते बांगडे मिळाले. पैसे देऊ केले तर ते घेतले नाहीत. पूर्वी याच किनाऱ्यावर पिशवी ओढायला माणसे अपुरी पडत, असे म्हातारे रापणकर सांगत होते; पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा थवा घेरून खालून आवळायच्या, जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी मासा बाहेरच उचलला जातो, ही त्यांची तक्रार. दिव्यांच्या मासेमारीवर २०१७पासून बंदी आहे. रात्री क्षितिजावर दिसणाऱ्या उजेडाकडे बोट दाखवून ते हसले.

दुपारी आबांच्या मुलाबरोबर होडीतून तिवरांच्या कडेला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला गेलो. लोखंडी कडीला बांधलेल्या जाळ्यात माशाचे मुंडके अडकवून ते तळाशी सोडायचे आणि थोड्या वेळाने वर घ्यायचे. अलिबागकडे याला फग म्हणतात. कुर्ली नर की मादी हे पोटाच्या पट्टीवरून ओळखता येते, नराची अरुंद आणि टोकदार, मादीची रुंद आणि गोलाकार. पोटाखाली अंड्यांचा पुंजका घेतलेली एक मादी आली, तिला लगेच सोडले. दुसऱ्या मादीवरून संध्याकाळी घरात वाद झाला. तिच्या पोटाखाली अंडी नव्हती, पण कवचाच्या आत लाख, म्हणजे तयार होत असलेली अंडी, भरलेली दिसत होती आणि घरच्या काकूंच्या मते लाखेची कुर्ली सोडणारा माणूस खुळा. आबांचे मत वेगळे होते. जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला ते पूर्वी बत्ती घेऊन जात. अंडी घालायला ओढ्यात चढणारा मासा तेव्हाच मारला तर पुढे काय राहणार, म्हणून त्यांनी तसे जाणे केव्हाच सोडून दिले. शेवटी कुर्ली काकूंनीच रांधली आणि आबांनी तिची नांगी खाल्ली.

बेचकीचा कार्यक्रम अंगणात माडाखाली झाला. डबा पाडण्यात थोरली सरस ठरली.

पाचवा दिवस : किल्ला आणि लिलाव

मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेल्या या किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण २९.१२ चौरस किलोमीटरपैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र असून तिथे मासेमारीला मनाई आहे. धाकट्याने पाण्यात डोकावून विचारले, की माशांना ही हद्द कशी कळते. होडीचा तांडेल म्हणाला, माणसांना कळली तरी पुष्कळ.

संध्याकाळी धक्क्यावर लिलाव पाहिला. पापलेट २०२३ साली राज्यमासा ठरला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचे किमान आकार शासनाने ठरवून दिले. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, हे थोरलीने वहीत उतरवून घेतले होते आणि कंपासपेटीतली पट्टी सोबत आणली होती. एका टोपलीतली पापलेटे तिने लांबूनच अंदाजाने मोजली आणि विकणाऱ्या बाईंना विचारले, की ही जरा लहान नाहीत का. बाई हसून म्हणाल्या, "बाय, सरकारचो कागद माशाक वाचूक येना." मग थोडे थांबून त्यांनी जाळ्याची आस, म्हणजे विणीतली भोके, लहान असली की काय होते ते तिला बोटांनी दाखवले आणि मोठे पापलेट काढून दिले. मुलांसह लिलावाला जाणाऱ्यांनी बूट न घालता रबरी चपला घालाव्यात. खाली बर्फाचे पाणी आणि खवले असतात.

निघताना आबांनी दोन्ही बांबूच्या काठ्या मुलांना दिल्या, गऱ्यांचा डबा मात्र माझ्याकडे सोपवला. धाकट्याला पुढच्या खेपेस शेंडीपाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, फेकायला शिकायचे आहे. त्यावर आबांची अट अशी की आधी अंगणातल्या कोरड्या जमिनीवर जाळे गोल पडले पाहिजे, लागोपाठ दहा वेळा. तोवर पाण्याजवळ फिरकायचे नाही.